दुसरा ब्रेक

नोंदणी कार्यालयातल्या खुर्च्या एकमेकींना इतक्या चिकटून मांडल्या होत्या की पहिल्या रांगेत मास्तर आणि त्यांच्या विहीणबाई खांद्याला खांदा लावून बसले होते. समोर टेबलापाशी नवरानवरी उभे होते. अधिकाऱ्यानं सहीसाठी पेन पुढे केलं, नवरदेवानं ते हातात घेतलं, आणि त्याच क्षणी विहीणबाई "अगं आई गं!" म्हणून अशा किंचाळल्या की नवरदेवाच्या हातातलं पेन टेबलाखाली गेलं. मास्तरांचा उजवा पाय विहीणबाईंच्या नव्याकोऱ्या चपलेवर, आतल्या अंगठ्यासकट, जीव खाऊन दाबलेला होता.

"मारलात ना ब्रेक?" मास्तरांची बायको दातओठ खात पुटपुटली. "आजच्या दिवस तरी पाय जाग्यावर ठेवा म्हटलं होतं मी."

मास्तर ओशाळले, विहीणबाईंची माफी मागितली आणि पाय खुर्चीखाली दुमडून बसले. सगळ्या फोटोंत ते तसेच, शौचाला घाई झाल्यासारखे बसलेले दिसतात. विहीणबाईंचा अंगठा फोटोत आलेला नाही, पण चेहऱ्यावरून त्याची हकिकत कळते.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते लोकांना गाडी चालवायला शिकवत. शिकवणीच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी असतो तसा एक ब्रेक शिकवणाऱ्याच्या पायाशीही असतो. त्या दुसऱ्या ब्रेकवर उभी हयात घालवल्यामुळे मास्तरांचा उजवा पाय आता त्यांच्या ताब्यात राहिला नव्हता. सिनेमातला नायक गच्चीच्या कडेला गेला की तो दाबला जाई. शेजारीण उकळत्या दुधाचं पातेलं घेऊन दारात वळली की दाबला जाई. घरातल्या सोफ्यापुढच्या सतरंजीला बरोब्बर त्या जागी भोक पडलं होतं. बायकोनं तिथं ठिगळ लावलं, तर ठिगळालाही भोक पडलं.

आणि आज त्या पायानं बंड करावं याला कारणही तसंच होतं. नवरदेव हा मास्तरांचाच जुना विद्यार्थी होता. नुसता विद्यार्थी नव्हे, त्यांच्या आख्ख्या कारकिर्दीतला सगळ्यात ढ विद्यार्थी. क्लच सोडला की गाडी बंद, चढ आला की बंद, मागून कुणी हॉर्न दिला की बंद. म्हणून मास्तरांनी त्याचं नाव बंदोपंत ठेवलं होतं, आणि ते इतकं फिट्ट बसलं की त्याची आईसुद्धा हल्ली त्याला त्याच नावानं हाक मारायची.

बंदोपंताची नोकरी नाट्यगृहात. प्रयोग चालू असताना पडद्याआड पुस्तक घेऊन उभं राहायचं आणि नट वाक्य विसरला की हळूच पुरवायचं. पुस्तक नावापुरतं, बाकी सगळ्यांची सगळी वाक्यं त्याला तोंडपाठ. एकदा एक नट आजारी पडला म्हणून याला रंगमंचावर ढकललं, तर हातपाय गार पडून हा खांबासारखा उभा राहिला. गाडीतही तोच प्रकार. "क्लच हळू सोडायचा, बाळाच्या हातातलं खेळणं काढून घेतो तसा," हे मास्तरांचं वाक्य तो मास्तरांच्या आधी म्हणायचा, आणि मग मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा क्लच सोडायचा.

चाचणीत तो नापास व्हायचा, आणि शिकवणीच्या ऑफिसात बसून मास्तरांची लेक ठकू त्याला पुढच्या आठवड्याची वेळ द्यायची. तो पुन्हा नापास व्हायचा, ती पुन्हा वेळ द्यायची. असं इतके दिवस चाललं की जे मास्तरांच्या कधीच लक्षात आलं नाही ते त्यांच्या बायकोच्या एका जेवणात लक्षात आलं. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती. कुणी तोंड उघडण्याआधीच आत काय आहे ते ओळखायची तिला सवय होती.

"इतका ढ मुलगा मी जन्मात पाहिला नाही," मास्तर घास घेता घेता म्हणाले होते.

"ढ नाहीये तो," ठकू म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

बायकोनं पाण्याचा पेला खाली ठेवला. तिला कळायचं ते कळलं होतं. मास्तरांना कळायला साखरपुडा उजाडावा लागला.

तसं मुलात खोट काढायला जागा नव्हती. स्वभावानं गरीब, बोलणं गोड, नजर सरळ. मास्तरांनी मनाची समजूत घातली, की माणूस सोन्यासारखा आहे, फक्त त्याची आणि स्टिअरिंगची गाठ पडू नये. जन्मभर बसनं फिरतील बिचारी दोघं. बसला अपघात होत नाहीत असं नाही, पण ती बंदोपंत चालवत नसतो.

आणि लेकीनं स्वतः चालवायचा तर प्रश्नच नव्हता. मास्तरांनी सगळ्या गावाला शिकवलं, फक्त ठकूला नाही. एकदा बसवलं होतं तिला. गल्लीच्या टोकाशी जाईपर्यंत त्यांनी दुसरा ब्रेक इतक्यांदा दाबला की मागून चालत येणारा पोस्टमन पुढे निघून गेला. ठकू गाडीतून उतरली, दार आपटलं आणि पायी घरी आली. बापलेक दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. त्यानंतर तिनं विचारलं की मास्तर "पुढच्या वर्षी बघू" म्हणत, आणि मग तिनं विचारणंच सोडून दिलं.

लग्नानंतर नवीन जोडपं पहिल्यांदा जेवायला आलं तेव्हा मास्तर खुशीत होते. जावयाला आता 'तुम्ही' म्हणायचं असतं हे बायकोनं त्यांना बजावून ठेवलं होतं. ते आपले "तू घे ना, घ्या ना," असं करत वाढत होते. तेवढ्यात ठकू सहज म्हणाली, "आम्ही शनिवारी समुद्रावर जातोय. गाडीनं."

"बसच्या?" मास्तरांनी विचारलं.

"नाही, स्वतःच्या. जुनीच घेतलीय एक, निळी. खाली उभी आहे."

मास्तरांचा पाय फरशीवर दाणकन आपटला. समुद्राचा रस्ता म्हणजे सगळा डोंगरातला. एकीकडे कडा, एकीकडे दरी, आणि वळणावर वळणं. "चालवणार कोण?"

बंदोपंत तोंड उघडणार तेवढ्यात ठकूनं टेबलाखालून त्याला काहीतरी केलं, कारण तो एकदम खोकला. "ते आमचं आम्ही बघू, बाबा," ती म्हणाली.

"म्हणजे याला... यांना लायसन मिळालं?"

"घरात आता एक लायसन आहे," बंदोपंत खाली मान घालून म्हणाला. हे वाक्य त्यानं पाठ करून आणल्यासारखं म्हटलं.

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत, नुसतं ताटातलं इकडून तिकडे ढकललं. कुठल्या तरी दयाळू निरीक्षकानं डोळ्यांवर कातडं ओढून या पोराला पास केलेलं दिसत होतं. आणि आता आपली एकुलती एक लेक त्याच्या शेजारी बसून डोंगर उतरणार होती, आणि तिच्या पायाशी दुसरा ब्रेक नव्हता. तिला काही झालं तर? हा प्रश्न एकदा मनात आला तो आलाच. तो मग त्यांच्याबरोबर दात घासायला आला, चहा प्यायला आला, शिकवणीला आला.

पहिल्यांदा त्यांनी सरळ मार्ग धरला. फोन करून रस्ता किती खराब आहे ते सांगितलं. हवा बिघडणार आहे असं सांगितलं. समुद्र काय, कुठेही खारटच असतो, असंही सांगून पाहिलं. ठकू सगळं ऐकून "हो बाबा" म्हणायची. या "हो बाबा"चा अर्थ मास्तरांना तिच्या लहानपणापासून माहीत होता.

मग ते वाकड्या वाटेला लागले. भाजी आणायला म्हणून बाहेर पडले आणि लेकीच्या बिल्डिंगखाली जाऊन निळ्या गाडीच्या मागच्या चाकातली हवा सोडून आले. वर तोंड करून शीळ घालत, भाजी न घेताच घरी आले. दुसऱ्या दिवशी पाहतात तर चाक बदललेलं. बदललेलंही असं चोख की मास्तरांनी वाकून नट तपासले आणि त्यांना एकही ढिला सापडला नाही. 'मेकॅनिक चांगला गाठलाय,' ते मनात म्हणाले आणि उगीचच खट्टू झाले.

शुक्रवारी ते खिशात बटाटा घालून निघाले तेव्हा बायको दारात आडवी उभी राहिली.

"बटाटा कुठे निघालाय?"

"कुठला बटाटा?"

"जो धुराच्या नळीत कोंबला की गाडी सुरू होत नाही, तो. अहो, शरम वाटू द्या काही! लग्न झालंय पोरीचं, अपघात नव्हे."

"अजून नाही झाला," मास्तर म्हणाले.

बायकोनं बटाटा काढून घेतला. पण मग ती त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसली आणि जरा मऊ आवाजात म्हणाली, "तिला जाऊ द्या हो. उद्या सकाळी तिकडे निरोपाला वगैरे जायचं नाही. तुम्ही दारात उभे राहिलात की ती निघायची नाही. तुमची शिकवणी आहे ना सकाळी? ती करा मुकाट्यानं."

मास्तरांनी मान डोलावली. शिकवणी करायचं त्यांनी कबूल केलं. कुठल्या रस्त्यावर करायची ते बायकोनं विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळची विद्यार्थिनी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. गाव त्यांना हेडबाई म्हणायचं. आयुष्यभर दुसऱ्यांना शिस्त लावल्यामुळे कुणी काही शिकवलेलं त्यांना सहन होत नसे. मास्तरांनी "उजवीकडे" म्हटलं की त्या "का?" विचारत, आणि उत्तर पटलं तरच वळत. आज मास्तर म्हणाले, "बाई, आज मोठ्या रस्त्याला जाऊ."

"का?"

"तुमची प्रगती पाहून."

हे कारण बाईंना लगेच पटलं.

लेकीच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी बाईंना गाडी उभी करायला लावली. डोक्यावर 'शिकाऊ' अशी लाल पाटी असलेली ती पिवळीधमक गाडी तिथं लपून राहिली होती, असं मास्तरांचं मत होतं. थोड्याच वेळात निळी गाडी बाहेर पडली. मागची काच उशा, पिशव्या आणि एका भल्या मोठ्या छत्रीनं गच्च भरलेली. आत कोण कुठे बसलंय ते मागून दिसायला काही मार्ग नव्हता. दिसण्याची गरजही नव्हती. मास्तरांना सगळं दिसत होतं: बंदोपंताची घामेजलेली बोटं, त्याचा क्लचवरचा तो माकडपाय, आणि शेजारी भाबडेपणानं खिडकीबाहेर बघणारी ठकू.

"त्या गाडीमागे घ्या," ते म्हणाले.

"का?"

"तो कसं चुकतो ते बघून शिकायचंय."

निळी गाडी चौकात आली. आता बंद पडणार, मास्तर म्हणाले, आता पडणार, आणि त्यांचा पाय दाणकन दाबला गेला. निळी गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चौकातून निघून गेली. बंद पडली ती त्यांची स्वतःची गाडी, ऐन चौकाच्या मध्यात. चारी बाजूंनी हॉर्नचा एकच गिल्ला झाला.

"मास्तर! मी काय चूक केली?" हेडबाई कडाडल्या.

"काही नाही, काही नाही. चालू करा."

"मग ब्रेक का मारलात?"

"सवय लागावी म्हणून."

हा प्रकार तिथं संपला असता तर बरं. पण मास्तरांचे डोळे पुढच्या गाडीत आणि पाय मागच्या गाडीत, अशी विभागणी झाली होती. पुढची गाडी वळली की मागची थांबायची. पुढच्या गाडीला ट्रक आडवा आला की मागची थांबायची. पुलावर पुढच्या गाडीसमोर म्हैस आली, तर मागच्या गाडीत हेडबाईंचं नाक स्टिअरिंगला टेकलं. दर वेळी निळी गाडी लांब निघून जाई आणि मास्तरांचा जीव टांगणीला लागे. पण नशीब कसं पाहा! गाव संपल्यावर एका चहाच्या टपरीशी निळी गाडी उभीच होती. पिवळी गाडी मागून दिसायला लागली तेव्हा ती निघाली. पुढे रेल्वेच्या फाटकाशी फाटक उघडं असूनसुद्धा ती कडेला घेऊन थांबलेली होती. 'घाबरला असणार,' मास्तरांनी ताडलं. 'बरंय, घाबरू दे. घाबरलेला माणूस सावकाश जातो.'

आणि खरंच ती सावकाश चालली होती. डोंगर लागला. पहिल्या वळणावर मास्तरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा निळी गाडी वळण घेऊन पुढे सरळ लागलेली होती. दुसऱ्या वळणाला त्यांनी एकच डोळा मिटला. तिसऱ्याला दोन्ही उघडे ठेवले. वळणाआधी वेग कमी, वळणात धक्का नाही, वळणाबाहेर पडताना अलगद जोर. कड्याच्या बाजूला लागून, पण खेटून नाही. समोरून आलेल्या बसला जागा दिली ती अगदी मापात, ना जास्त ना कमी.

"बाई, बघितलंत?" मास्तर नकळत पुढे सरकले. "बघितलंत कसा गिअर बदलला? कळलासुद्धा नाही!"

"चुका बघून शिकायचं होतं ना?"

"अहो, चुका कसल्या! ही शिकवण आहे. माझा विद्यार्थी आहे तो. माझा जावई!" हे शब्द पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून अडखळल्याशिवाय निघाले. छाती अशी काही फुगली की पट्टा काचायला लागला. ढ कसला, हिरा होता हिरा! फक्त उशिरा चमकला. मास्तर हसायला लागले. कितीतरी दिवसांनी त्यांनी पाय लांब केले, दुसऱ्या ब्रेकवरून उचलून चक्क एकावर एक टाकले आणि समोरचं वळण नाटक बघावं तसं बघू लागले.

आणि नेमकं त्याच वळणावर हेडबाई वळल्या नाहीत.

वळायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कारणही दिलं नव्हतं. दरी नशिबानं पलीकडच्या बाजूला होती. इकडे रस्त्याच्या कामासाठी टाकलेला वाळूचा ढिगारा होता, त्यात पिवळी गाडी बोनेटपर्यंत शिरली आणि शांत झाली. मास्तरांचे पाय अजून एकावर एक होते.

"आता मात्र ब्रेक मारायला हवा होता तुम्ही," हेडबाई चष्मा सावरत म्हणाल्या.

मास्तर दार ढकलून बाहेर आले. कुणाला खरचटलंही नव्हतं. पुढे गेलेली निळी गाडी थांबली होती. मग ती मागे येऊ लागली. वळणाच्या रस्त्यावर, मागची काच सामानानं झाकलेली, नुसत्या बाजूच्या आरशावर, आणि दोरी धरून आखल्यासारखी सरळ. वाळूचा ढिगारा, अडकलेली गाडी, हेडबाई, सगळं विसरून मास्तर बघत राहिले.

"वा रे पठ्ठ्या!" ते ओरडले. "जावईबापू, वा!"

गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं आणि ठकू खाली उतरली.

दुसऱ्या बाजूनं बंदोपंत उतरला. त्याच्या एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्यात अर्धवट सोललेलं संत्रं होतं, ते त्यानं घाईघाईनं खिशात लपवलं.

"लागलं का हो कुठे?" ठकू धावत आली. "बाबा? काकू? बाबा, बोला ना!"

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. उघड्या दारातून दिसणाऱ्या स्टिअरिंगकडे पाहिलं. मग जावयाकडे वळून म्हणाले, "तू नव्हतास चालवत?"

"मी?" बंदोपंत दचकला. "छे हो मास्तर! मला कुठे येतं?"

"मग लायसन?"

"घरात एक आहे म्हटलं होतं मी. कुणाचं ते तुम्ही विचारलं नाहीत."

वाळू उपसता उपसता हळूहळू सगळं बाहेर आलं. नाट्यगृहामागच्या रिकाम्या आवारात, पडदे वाहणाऱ्या टेम्पोवर ठकू रोज सकाळी शिकली होती. इथल्या चाचणीला गेली असती तर निरीक्षकांनी मास्तरांना लगेच सांगितलं असतं, म्हणून शेजारच्या गावी जाऊन पहिल्या फटक्यात पास झाली होती. चाकही तिनंच बदललं होतं.

"हवा कुणी सोडली होती तेही माहितेय मला," ती म्हणाली. "समोरच्या आजी गच्चीत होत्या."

मास्तर वाळू जोरात उपसू लागले. "मला सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?"

"खाल्लं नसतं. शेजारी येऊन बसला असतात."

मास्तरांनी आणखी एक विचारलं. "शिकवलं कुणी?"

ठकूनं हनुवटीनं नवऱ्याकडे खूण केली.

"त्यानं? ज्याला येत नाही त्यानं?"

बंदोपंत कान खाजवत उभा होता.

वाळू मोकळी झाल्यावर गाडी बाहेर काढायची वेळ आली. हेडबाईंनी "कारण कळल्याशिवाय मी मागे घेणार नाही" म्हणून हात वर केले. मास्तर पुढे झाले, पण तोवर ठकू बसलीसुद्धा होती. शेजारच्या सीटवर, दुसऱ्या ब्रेकच्या जागी, बंदोपंत सवयीनं जाऊन बसला आणि पाय पोटाशी घेतले. मास्तर खिडकीपाशी वाकले. आतून त्यांना हळू आवाज ऐकू आला, पडद्याआडून यावा तसा.

"घाई नाही. गाडी कुठे पळून जात नाही, आपणच पळतो. क्लच हळू सोडायचा, बाळाच्या हातातलं खेळणं काढून घेतो तसा. बाळ रडता कामा नये. हं... आता विश्वास ठेवायचा. गाडीवर नाही, पायावर."

मास्तरांचीच वाक्यं होती. शब्द न् शब्द. मधला तो "हं"सुद्धा. फक्त एक गोष्ट मास्तरांनी लेकीच्या वेळी कधी केली नव्हती, ती या पोरानं केली होती. त्यानं वाक्य संपवलं आणि गप्प बसला. गाडीनं एक हुंकार दिला आणि वाळूतून अलगद रस्त्यावर आली.

मास्तरांना हसू यावं की रडू, ते कळेना, म्हणून ते गाडीच्या बोनेटवरची वाळू झटकत राहिले. झटकून झाल्यावर पुन्हा एकदा झटकली.

ठकू त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. शिकवणी संपली की मास्तर चुका मोजून दाखवत, कुणाचीही गय करत नसत. तिनं ऑफिसात बसून हे वर्षानुवर्षं ऐकलं होतं.

"सांगा," ती म्हणाली. "किती चुका?"

मास्तरांनी सगळा रस्ता डोळ्यांपुढे आणला. चौक, पूल, म्हैस, बस, वळणं. डोळ्यात तेल घालून बघितलं होतं त्यांनी, आणि एकही सापडली नव्हती. पण 'एकही नाही' असं त्यांनी जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. जीभ वळेना.

"एक आहे," ते शेवटी म्हणाले. "मागे कोण येतंय ते बघायचं असतं. घरापासून मी तुझ्या मागे आहे, आणि तुला पत्ता नाही."

"पत्ता नाही?" ठकू खो खो हसली. "डोक्यावर लाल पाटी घेऊन पिवळीधमक गाडी येतेय, चौकाचौकात बंद पडतेय, आणि मला पत्ता नाही? गल्लीच्या तोंडाशीच दिसलात तुम्ही. टपरीशी कशाला थांबले मी? चहा तर पीतसुद्धा नाही. फाटकाशी कशाला थांबले?" हसता हसता तिचा आवाज बदलला. "तुम्ही मागे पडत होता, बाबा. तुमची चुकामूक होऊ नये म्हणून एवढं हळू चालवत होते."

मास्तरांनी तोंड फिरवलं आणि दरीकडे बघितलं. सकाळपासून ते लेकीला सांभाळत निघाले होते अशी त्यांची समजूत होती. 

"मग आता एवढं हळू नको जाऊस," ते म्हणाले. "उन्हाच्या आत पोचा. मी नाही येत मागे."

"नक्की?"

"आईशप्पथ."

बंदोपंत पाया पडायला वाकला, तर मास्तरांनी त्याला वरच्यावर धरून मिठीच मारली, आणि त्याच्या कानात म्हणाले, "बोलत राहा रे तिच्याशी." मग बायकोची आठवण होऊन दुरुस्ती केली, "बोलत राहा हो." बंदोपंतानं खिशात लपवलेलं संत्रं त्यांच्या हातात दिलं आणि आत जाऊन बसला.

निळी गाडी निघाली. या वेळी ती खरोखर निघाली. पुढच्या वळणाला पोचेपर्यंत तिनं असा काही वेग घेतला की मास्तरांच्या तोंडून "अगं अगं!" निघालं, पण तोवर गाडी वळणाआड गेली होती, सफाईनं.

हेडबाई एव्हाना पुन्हा स्टिअरिंगमागे बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"छान चालवते हो मुलगी. कुणाकडे शिकली?"

"माझ्याकडे," मास्तर म्हणाले.

हेडबाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. खोटं बोलणारी पोरं ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. वर्गात असते तर मास्तरांना त्यांनी बाकावर उभं केलं असतं. पण त्यांनी आणखी थोडा वेळ पाहिलं, मग हात पुढे करून संत्र्याची एक फोड मागून घेतली, आणि का म्हणून न विचारता गाडी घराच्या दिशेनं वळवायला घेतली.